रिकाम्या खुर्चीचा सांभाळ

१

आमच्या कंपनीत मला ‘शेवटची ओळ’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमच्या इमारतीत पाठीमागे बोललेलं तोंडावर पोचायला फारसा वेळ लागत नाही.

कंपनी वजनकाटे बनवते. भाजी तोलायच्या काट्यापासून ते अख्खा ट्रक उभा राहील अशा काट्यापर्यंत सगळे. मी मात्र काटे बनवत नाही, मी नियम सांभाळते. यंत्रावर काम करताना हातमोजे कोणते घालायचे, आग लागली तर कुठल्या जिन्याने उतरायचं, चहाचे कप ज्याचे त्याने विसळायचे की नाही, असे शेकडो नियम आमच्या पोर्टलवर आहेत. शोधायला वर एक खिडकी आहे, तीत शब्द टाकायचा की नियम समोर येतो. निदान यावा अशी अपेक्षा असते.

“ताई, तो चपलांचा नियम सापडतच नाही हो.”

“काय टाकून शोधलंत?”

“चप्पल.”

“तिथे ‘पादत्राणे’ लिहिलंय. ते टाका.”

“चपलेला चप्पल म्हणायला काय झालं होतं?”

असे फोन दिवसभर येतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतात. प्रत्येक नियमाखाली ‘वाचले, समजले, मान्य’ असं बटण आहे. आमची माणसं पान उघडायच्या आधीच ते दाबतात. पण पोर्टल तसं चलाख आहे. नियमाची अगदी शेवटची ओळ पडद्यावर आली, तरच नावापुढे हिरवी खूण उमटते. सगळ्या कंपनीत ती हिरवी खूण फक्त माझ्याच नावापुढे दिसते. टोपणनाव पडलं ते त्यावरून.

माझी लेकही माझ्यावरच गेली आहे. लहानपणी मी तिला औषधाच्या खोक्यावरचा बारीक मजकूरसुद्धा पूर्ण वाचायला लावायची. आता ती गोळी घ्यायच्या आधी आतला कागद शेवटपर्यंत वाचते आणि मग मला फोन करून सांगते, “आई, या गोळीने क्वचित केस गळतात म्हणे.” जावई वैतागतो. मला मात्र अभिमान वाटतो.

त्या लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण, तिकडे सासूबाई नाहीत, आणि गाव बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. मला तिथे असायचंच होतं. इकडचं जग तिकडे झालं तरी चालेल, पण मूल हातात घेणारी घरातली पहिली मीच असणार, असं मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. त्यासाठी रजा हवी होती, आणि ‘नातवंडाच्या जन्मासाठी रजा मिळते का’ हे एवढी वर्षं नियम सांभाळूनही मला ठाऊक नव्हतं.

२

आमची खोली दुसऱ्या मजल्याच्या टोकाला आहे. दोन टेबलं, एक कपाट, भिंतीवर पंखा, आणि अंगणाकडे उघडणारी खिडकी. अंगणात काट्यांची तपासणी चालते, त्यामुळे लोखंडी वजनं ठेवल्याचा धप्प असा आवाज सारखा येतो आणि जमीन थोडीशी हलते. नवीन माणूस दचकतो, आम्हाला तो आवाज थांबला तरच दचकायला होतं.

कोपऱ्यात एक जुना काटा आहे. खाली लोखंडी चौथरा, वर खांबावर गोल तबकडी आणि तिच्यात सुई. चौथऱ्यावर एक लाकडी खुर्ची ठेवलेली असते आणि तबकडीवर चौकटीचा नॅपकिन टाकलेला असतो. आमच्याकडे जुने काटे अडगळीसारखे कुठेही पडलेले असतात, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नाही.

त्या दिवशी दुपारी जेवण उरकून मी शोधखिडकीत ‘रजा’ टाकलं. ढीगभर नियम आले. मग ‘फक्त मला लागू असलेले’ या चौकटीत खूण केली. ढीग नाहीसा झाला आणि एकच नियम उरला.

‘रिकामी खुर्ची: सांभाळ.’

मी चष्मा पुसला. पोर्टलवरचा प्रत्येक नियम माझ्या हातून गेलेला असतो. हा गेला नव्हता. लिहिणाऱ्याची जागा कोरी होती. लागू कुठे, तर ‘दुसरा मजला, टोकाची खोली’. खाली पाचच ओळी होत्या.

‘खुर्चीवर काहीही ठेवू नये.

पंख्याचं तोंड खुर्चीकडे असावं.

तबकडी झाकलेली असावी.

सकाळी खोलीत येताच बसायला सांगावं.

सांभाळ ही ओळ वाचणाऱ्याकडे राहील. रजेवर जाताना तो दुसऱ्याकडे सोपवावा, न सोपवल्यास रजा दोघांची धरावी.’

शेवटची ओळ वर सरकली आणि माझ्या नावापुढे टुणकन हिरवी खूण उमटली.

मला हसूच आलं. ही नक्की कॉम्प्युटर विभागातल्या मुलांची करामत. मागे त्यांनी साहेबांच्या नावाने ‘टक्कल: निगा व तेल’ असा नियम चढवला होता आणि तो तीन विभागांनी मान्य केला होता. त्यांची खरडपट्टी काढायला मी फोन उचलला आणि सहज कोपऱ्याकडे बघितलं.

माझ्याबरोबर त्या खोलीत पटपट बसते. तिचं नाव वेगळं आहे, पण ती सगळं इतकं पटापट करते की तेच नाव पडलं. तिचा पसारा खोलीभर असतो. आत्ताही तिची पर्स खिडकीत होती, स्वेटर कपाटाच्या दाराला लटकत होता, डबा जमिनीवर होता आणि जागा नाही म्हणून फायली पायाशी रचल्या होत्या. हातभर अंतरावर खुर्ची रिकामी होती.

“अगं, फायली जमिनीवर का ठेवल्यास?”

“मग कुठे ठेवू?”

“खुर्चीवर ठेव ना.”

तिने खुर्चीकडे बघितलं. “त्यावर कसं ठेवणार?” असं म्हणाली आणि पुन्हा टाइप करायला लागली. का नाही, हे तिनं सांगितलं नाही आणि मलाही ते विचारावंसं वाटलं नाही.

पंख्याचं तोंड खुर्चीकडे होतं. दोघींनाही उकडत होतं आणि पंखा कोपऱ्याला वारा घालत होता. इतकी वर्षं आम्ही कागदाने वारा घेत होतो.

आणि चौथी ओळ. मी रोज सकाळी खोलीत पाऊल टाकताना “बसा, बसा” म्हणते. सवय आहे. पटपट मला बघून उठून उभी राहायचं नाटक करते, म्हणून मी तसं म्हणते, असं मी धरून चालले होते. पण पटपट रोज माझ्यानंतर येते.

मी फोन खाली ठेवला.

३

पटपट चहा आणायला गेली तेव्हा मी उठले आणि नॅपकिन उचलला.

लाकडी खुर्ची. जास्तीत जास्त पाच-सहा किलो भरेल. एवढी वर्षं काट्यांच्या कंपनीत काढल्यावर वस्तूचं वजन डोळ्यांनाच कळतं. सुई मात्र भरल्या अंगाच्या माणसाचं वजन दाखवत होती. नुसती दाखवत नव्हती, किंचित वर जात होती आणि किंचित खाली येत होती. संथपणे. स्वस्थ बसलेल्या माणसाचा श्वास चालतो तशी.

मी नॅपकिन टाकला आणि स्वतःलाच समजावलं. जुन्या काट्याची स्प्रिंग थकते आणि मग तो वाटेल ते वजन दाखवतो, हे आमच्याकडे शिपायालाही ठाऊक असतं. अंगणात वजनं आपटतात, त्याने सुई हलणारच. माझं मलाच पटलं. पटलं नाही ते एवढंच, की त्या वेळी अंगणात चहाची सुट्टी होती आणि एकही धप्प ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज भरला. नातवंडासाठी वेगळी रजा नव्हती, पण माझी स्वतःची भरपूर शिल्लक होती. अर्जात ‘जबाबदाऱ्या कुणाकडे?’ असा रकाना असतो. मी पटपटचं नाव घातलं. सगळे नियम एका दमात तिच्याकडे गेले आणि एक लाल राहिला. कुठला ते सांगायला नको. खाली सूचना होती: ‘शेवटपर्यंत वाचलेली व्यक्ती निवडा.’

म्हणजे कुणाकडून तरी पाच ओळी वाचून घ्यायच्या. एवढंसं काम! मी साहेबांकडे गेले.

“साहेब, हे जरा शेवटपर्यंत वाचता का?”

“थोडक्यात सांगा ना.”

“पाचच ओळी आहेत.”

“मग दोन ओळींत सांगा.” आणि त्यांनी मान्यचं बटण दाबलं.

हिशेब विभागात तिघांनी पहिली ओळ वाचून बटण दाबलं, एकाने बटण आधी दाबलं आणि मग विचारलं, “काय होतं?” कॉम्प्युटर विभागातल्या मुलांनी आईची शपथ घेऊन सांगितलं की हा नियम आम्ही चढवलेला नाही. त्यांच्यातल्या एकाने तो बघायला मागितला, तिसऱ्या ओळीपर्यंत आला आणि त्याला फोन आला. मला तो प्रकार इतका विनोदी वाटायला लागला की मी पोट धरून हसत होते. सगळी कंपनी मान्य करायला तयार, वाचायला एकही नाही.

शेवटी पटपटलाच धरलं. तिला म्हटलं, तुझ्या मैत्रिणीसाठी आयुष्यात एकदा शेवटची ओळ वाच. ती हसत हसत मोठ्याने वाचायला लागली. खुर्चीवर काही ठेवू नये. पंख्याचं तोंड. तबकडी. चौथ्या ओळीला तिचा आवाज बारीक झाला. मग तिने तळहाताने उरलेला पडदा झाकला.

“ताई, तुम्ही रोज सकाळी ‘बसा’ म्हणता ना, ते मला जिन्यापर्यंत ऐकू येतं.”

“मग?”

“मी नेहमी जिन्यात थांबते थोडी. तुम्ही म्हटल्यानंतर खुर्ची वाजते. ती वाजली की मग मी आत येते.” तिने हात काढला नाही. “मी वाचलं नाही, हं ताई. रागावू नका. मला दोन लहान मुलं आहेत घरी.”

पटपट इतकं हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हात काढला नसता.

४

लेकीचा फोन आला, कळा सुरू झाल्या होत्या. आता लाल-हिरवं बघायला वेळ कुणाला होता? मी रकाना तसाच सोडून अर्ज पाठवला. वाटलं होतं, परत येईल. पण पापणी लवायच्या आत उत्तर आलं.

‘रजा मंजूर. रजेवर जाणारे: दोन.’

पटपट माझी पिशवी भरत होती. मी काट्यापाशी गेले आणि नॅपकिन उचलला. सुई खुर्चीच्या वजनावर उभी होती. अंगणात वजनं आपटत होती, जमीन हलत होती, सुई जराही हलली नाही. स्प्रिंग अगदी ठणठणीत होती.

“काय झालं, ताई?”

“काही नाही. काटा दुरुस्त झाला,” मी म्हटलं आणि पिशवी उचलली.

बस खचाखच भरली होती. माणसं दांड्याला लोंबकळत होती. माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. एक बाई बसायला म्हणून वाकल्या, मग “अय्या, माफ करा” म्हणाल्या आणि पुढे सरकल्या. माफी त्यांनी माझी मागितली नव्हती.

मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठा आनंद मनात होता आणि दोन्ही एका वेळी मावत नव्हतं. आनंदाने जागा बळकावली.

५

नात झाली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा अजून न्हाऊही घातलं नव्हतं. लेक थकलेली पण हसत होती, जावई उगाचच खोलीत इकडून तिकडे फिरत होता. सिस्टर ढकलगाडीवर बाळाचा काटा घेऊन आल्या. आमच्याच कंपनीचा होता! मी जावयाला अभिमानाने दाखवला.

सिस्टरनी काट्यावर दुपट्याची घडी ठेवली आणि आकडा शून्यावर आणला. मग रडणाऱ्या नातीला अलगद वर ठेवलं.

आकडा शून्यच राहिला.

“असं काय करतोय हा?” सिस्टरनी काट्याला चापट मारली. “तुमच्या कंपनीचा ना हो, आजी?”

नात रडायची थांबली होती. आईने उचलून घेतल्यावर मूल निवतं तशी गप्प झाली होती. मी वाकून बघितलं. तिच्या डोक्याखाली दुपट्याची घडी दबली नव्हती. घडीच्या फुगलेल्या कडेत आणि त्या इवल्याशा मानेत बोटभर फट होती, आणि मान कुणीतरी नीट सावरून धरावी तशी होती. बाळ धरायची माहिती असलेल्या माणसाने धरावी तशी.

मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून हातातलं मूल कुणी टाकलं तर? भिंतीशी पाहुण्यांची खुर्ची होती. मी तिच्याकडे हात केला आणि रोज म्हणते तशा आवाजात, जमेल तेवढं हसून म्हटलं, “बसा, बसा.”

खुर्ची वाजली. दुपट्याची घडी दबली. काट्यावर आकडा उमटला.

“तीन किलोला जरासं कमी. छान आहे हो वजन!” सिस्टर म्हणाल्या.

“आई, कुणाला बसायला सांगतेस?” लेकीने विचारलं.

“सवय गं,” मी म्हटलं. जावई हातातली पिशवी घेऊन खुर्चीपाशी गेला होता. तो क्षणभर थांबला आणि त्याने पिशवी जमिनीवर ठेवली.

६

पुढचे दिवस लेकीच्या घरी सुखाचे गेले. बाळाला न्हाऊ घालायचं, लेकीला खायला घालायचं, जावयाची फिरकी घ्यायची. खिडकीपाशी एक खुर्ची होती. रोज सकाळी मी तिला बसायला सांगायची, जावई आंघोळीला गेलेला असताना. बाळाच्या पाळण्यापासून ती खुर्ची मी रोज थोडी लांब सरकवायची. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जवळ असायची. घर झाडताना जावई हलवत असेल, असं मी धरून चालले.

मी एकच गोष्ट मनाशी घोकत होते. आलो दोघं, तर जायचंही दोघांनी. काही चुकू नये म्हणून दुपारी आडवी झाले की मोबाईलवर तो नियम काढून पुन्हा पुन्हा वाचायची. रजा संपल्यावर काय करायचं याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. वाचता वाचता डोळा लागायचा.

निघायच्या दिवशी नातीचा पापा घेतला, लेकीला मिठी मारली आणि दार उघडून जरा जास्त वेळ धरून ठेवलं. “चला,” मी म्हटलं.

“कोण चला? तू एकटीच तर आहेस,” जावई हसला.

बसमध्ये मी दोन तिकिटं मागितली. “दुसरं कोण?” कंडक्टरने विचारलं. “आहे,” म्हटलं. पहिल्याच थांब्यावर एक गृहस्थ माझ्या शेजारी धपकन बसले आणि घोरायला लागले. मी त्यांना उठवलं नाही. मला वाटलं, पलीकडच्या बाकावर सरकून बसलं असेल.

७

सकाळी खोलीत शिरले आणि म्हटलं, “बसा, बसा.”

काही वाजलं नाही. थोड्या वेळाने पटपट जिन्यातून डोकावली. “म्हटलंत का, ताई? मला काही ऐकू आलं नाही.”

मी नॅपकिन उचलला. सुई खुर्चीच्या वजनावर होती. मी पटपटची पर्स घेतली आणि खुर्चीवर ठेवली. पटपटने तोंडावर हात ठेवला, मग काढला. सुई पर्सएवढी पुढे सरकली आणि थांबली. इतकंच.

मी पोर्टल उघडलं, ‘खुर्ची’ टाकलं, ‘फक्त मला लागू असलेले’ वर खूण केली.

‘तुम्हाला लागू असलेला एकही नियम सापडला नाही.’

पटपट टाळ्या वाजवत होती. “सुटलो हो, ताई! पंखा वळवू का आपल्याकडे?” तिने वळवलासुद्धा. इतक्या वर्षांनी तोंडावर वारा आला आणि मला घाम फुटला. मी लेकीला फोन लावला.

“अगं, आत्ताच तुझी आठवण काढत होते,” ती खुशीत होती. “तुझी नात किती शहाणी आहे! रात्रभर कुरकूर नाही. जाग आली की खिडकीकडे बघते आणि पुन्हा झोपते. आम्ही दोघं मस्त झोपतोय.”

“ती खिडकीपाशी खुर्ची आहे ना...”

“हो, पाळण्याशी आणलीय. काही ठेवत नाही हं तिच्यावर, काळजी करू नकोस. पंखाही तिकडेच केलाय.” ती हसायला लागली. “काय एकेक नियम असतात तुमच्या कंपनीत! परवा दुपारी तू घोरत होतीस, मोबाईल उशाशी उघडाच होता. वाचला मी.”

“किती वाचलास?”

“किती म्हणजे?” लेक म्हणाली. “शेवटच्या ओळीपर्यंत. तुझीच मुलगी ना मी!”